माणसांचं वर्णन करणारी तीनशे वाक्यं

“चिक्कू माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?”

“टाइट-फिस्टेड,” बनसोड सर म्हणाले. “मूठ आवळून बसलेला.”

“आणि तापट असेल तर?”

“हॉट-हेडेड. पान बारा बघा, भन्ते. दोन्ही एकाच पानावर आहेत.”

भन्ते सुमेधांनी पान बारा उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले.

वैनगंगेच्या काठच्या त्या लहानशा विहारात प्रज्ञेश बनसोड आपलं पहिलं पुस्तक घेऊन आले होते. रोजच्या बोलण्यात माणसांचं वर्णन करायला लागणारी तीनशे इंग्रजी वाक्यं. तालुक्याच्या गावात त्यांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग होता. सकाळी सातला साठ मुलं ही वाक्यं एका सुरात म्हणत. रविवारी प्रकाशन होतं, आणि भन्तेंनी चार शब्द लिहून द्यावेत एवढीच सरांची इच्छा होती. भन्ते तरुणपणी बारा वर्षं श्रीलंकेत शिकले होते. त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं असेल, असं मात्र सरांना वाटत नव्हतं.

“तीन वेळा तपासलंय,” सर म्हणाले. “एक चूक सापडणार नाही.”

“वाच,” भन्तेंनी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. “मोठ्यानं.”

सरांनी घसा साफ केला. “माय फादर इज टाइट-फिस्टेड. माय फादर इज हॉट-हेडेड.”

“पुढचं पान.”

“माय फादर इज हार्ड टु प्लीज.”

“म्हणजे?”

“कितीही करा, वडिलांचं समाधान होत नाही.”

“चांगल्या माणसांची वाक्यं कुठं आहेत?”

“पान तीस. माय नेबर हॅज अ हार्ट ऑफ गोल्ड. म्हणजे, शेजारी मोठ्या मनाचा आहे. माय बॉस इज ईझी टु टॉक टु. साहेबांशी मोकळेपणानं बोलता येतं. माय अंकल...”

वाचता वाचता सरांचा आवाज खाली आला. त्यांनी पानं मागं उलटली. बारा, तेरा, सतरा. मग घाईघाईनं पुढची उलटली. चांगल्या वाक्यांत मामा होता, शेजारी होता, साहेब होते, अगदी पोस्टमनसुद्धा होता.

वडील एकाही चांगल्या वाक्यात नव्हते.

“भन्ते... मी हे मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम केलं असतंस, तर तपासताना खोडलं असतंस.”

“पण ते तसेच होते,” सर म्हणाले. “सातवीत मला सहलीला जाऊ दिलं नाही. बसच्या मागं धावलो, तर सगळ्या वर्गासमोर मारलं.”

“मारलं असेल. वाक्य खोटं आहे, असं मी कुठं म्हटलं?”

सर पानं उलटत राहिले.

“वर्ग चालू असतो तेव्हा वडील कुठं असतात?” भन्तेंनी विचारलं.

“बाहेर ओट्यावर. मुलांच्या चपला जोडीनं लावत बसतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.”

“इंग्रजी येतं त्यांना?”

“जन्म बिड्या वळण्यात गेला, भन्ते. सहीपुरतं लिहिता येतं.”

“दोन शब्द येतात,” भन्ते म्हणाले. “तुझ्या मुलीनं शिकवले. माय, आणि फादर.”

पुस्तक सरांच्या हातून चटईवर पडलं.

“मागच्या पौर्णिमेला तुझे वडील, सोमाजी, इथं आले होते. तू बसलायस तिथंच बसले. मला म्हणाले, ‘पोरगा माह्याशी जास्त बोलत नाही, भन्ते. पण रोज साठ लेकराइले माह्यं नाव घ्याले लावते जी.’”

सरांना सकाळचा वर्ग दिसत होता. स्वतःच हात वर करून ते मुलांना म्हणायचे, अजून मोठ्यानं. साठ गळे एकदम ओरडायचे. आणि दारातून बाहेर नजर गेली की बाबा दिसायचे, हातात कुणाची तरी चप्पल तशीच धरून, हसत. म्हातारपणी माणूस उगाच हसतो, असं सरांना वाटायचं.

“त्यांनी... अर्थ विचारला?”

“विचारला.”

“मग?”

भन्तेंनी चिवराचं टोक खांद्यावर सारखं केलं.

“मी सांगितलं, मुलं म्हणतात, माझे वडील मोठ्या मनाचे आहेत.”

सर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. खोटं बोलणार नाही, हे शील आठ वर्षांच्या प्रज्ञेशनं याच विहारात, याच माणसाच्या मागून म्हटलं होतं.

“भन्ते, तुम्ही खोटं बोललात?”

“चीवर घेतल्यापासून पहिल्यांदा.”

बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज थांबला, तरी सर मान वर करेनात.

“मी सगळ्या प्रती जाळून टाकतो,” ते शेवटी म्हणाले. “प्रकाशन नको. उद्यापासून ती वाक्यंच नकोत.”

“मग उद्या ते ओट्यावर बसून काय ऐकतील?”

भन्ते वाकले. त्यांनी चटईवरचं पुस्तक उचललं, पान तीस उघडलं आणि दोन्ही हातांनी सरांच्या मांडीवर ठेवलं.

“जाताना सोमाजी म्हणाले, बाकीच्या वाक्यांचा अर्थ पुढच्या पौर्णिमेला विचारीन. परवा पौर्णिमा आहे... मी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही.”