खोट नसलेला कूलर

एका गावाच्या टोकाला, विजेचे खांब जिथे संपतात तिथे, नीळकंठ नावाचा एक म्हातारा वायरमन एकटाच राहत असे. बायको मागेच गेली होती. मूलबाळ नव्हतं. चहा एक कप करायचा की दोन, हा प्रश्न त्याला कधी पडत नसे, आणि त्याचंच त्याला वाईट वाटे.

निवृत्त झाल्यावर रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा त्यानं एक वेबसाइट काढली. पंखे, मिक्सर, इस्त्र्या तो स्वतः वापरून बघे आणि त्यांच्याविषयी लिही. प्रत्येक पानाच्या तळाशी दुकानाची लिंक असे. वाचणाऱ्यानं त्या लिंकवरून वस्तू घेतली, की दुकान विक्रीतला थोडा हिस्सा नीळकंठला देई. घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नसे. आणि नीळकंठ तो सगळा हिस्सा गावाबाहेरच्या गोठ्याला देऊन टाकी. तसं पानावर लिहिलेलंच असे.

तो गोठा म्हाताऱ्या जनावरांचा होता. काम होईनासं झालं, की लोक जनावर तिथे आणून सोडत आणि मागे वळून बघत नसत. नीळकंठला त्या जनावरांबद्दल आपलेपणा वाटे. का, ते सांगायला नको.

लिहिण्याची त्याची एक खोड होती. वस्तू कितीही चांगली असो, तो आधी तिची खोट लिही, मग गुण. एका मिक्सरबद्दल त्यानं लिहिलं होतं, "आवाज इतका, की शेजारी भांडायला येतील. मला शेजारी नाहीत. तुमचं तुम्ही बघा."

हे वाचून इंदुमतीबाई पोट धरून हसल्या. त्या दूरच्या एका शहरात एकट्याच राहत. एकदा मिक्सरचं पातं निघेना, म्हणून त्यांनी वेबसाइटवरच्या नंबरवर फोन केला. पातं निघालं, पण फोन काही थांबले नाहीत. दर रविवारी त्या विचारत, "काय नीळकंठराव, या आठवड्यात कोणाची खोट काढलीत?" आठवडाभरात नीळकंठच्या घरात माणसाचा आवाज यायचा तो तेवढाच.

एका उन्हाळ्यात गोठा सांभाळणारा गुणवंता तोंड पाडून आला.

"निळूभाऊ, जनावरायच्या चाऱ्याचं कुटार संपत आलं. आता अर्धी जनावरं देऊन टाका लागन. कोणाले, ते मले नका विचारू."

त्याच आठवड्यात एका कूलरवाल्याचा फोन आला. "आमचा कूलर नावाजा, हिस्सा तिप्पट देतो. फक्त ती खोट लिहायची खोड या वेळी सोडा."

कूलर आला. नीळकंठनं त्यात पाणी भरलं, ओल्या हातानं त्याच्या पत्र्याला स्पर्श केला, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पत्र्यात करंट उतरत होता.

त्यानं स्वतःची समजूत घातली. पैसा माझ्या खिशात थोडाच जातोय? मुक्या जनावरांच्या पोटात जातोय. आणि ओल्या हातानं कूलरला हात लावतंच कोण? खरं तर पाणी भरताना सगळेच लावतात, आणि हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं लिहिलं, "बेलाशक घ्या. या कूलरमध्ये काहीही खोट नाही."

कूलर धडाधड खपला. कुटाराची गाडी गोठ्यावर आली. गुणवंतानं नीळकंठच्या पायांना हात लावला, आणि नीळकंठनं पाय मागे घेतले.

रविवारी फोन आला नाही.

पुढच्या रविवारीही आला नाही. नीळकंठ दिवसभर फोनशेजारी बसून राही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई. इंदुमतीबाई बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतताहेत, हात ओले आहेत, आणि धावत येऊन बटण बंद करायला घरात कोणी नाही. एकट्या माणसाच्या घरात काय होतं आणि किती दिवसांनी कळतं, हे एकट्या माणसालाच विचारावं. आपणच फोन करावा, असं त्याला शंभरदा वाटलं. पण कोणी उचललाच नाही तर?

शेवटी त्याला ते सोसवेना. त्यानं कूलरचं पान पुसून टाकलं आणि नवं लिहिलं. "या कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. मला हे माहीत होतं. हिश्शासाठी मी खोटं लिहिलं. ज्यांनी घेतला, त्यांनी आधी प्लग काढा आणि मग कूलर परत करा."

लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं. दोघातिघांना झटके बसले होते, नशिबानं निभावलं होतं. कूलर परत गेले, तसा हिस्साही परत गेला. दुकानानं त्याची लिंक बंद केली.

मग त्यानं इंदुमतीबाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. अखेर कोणीतरी उचलला.

"कोण?"

"बाई, मी नीळकंठ बोलतोय."

"खोटं," बाई म्हणाल्या. "ते गेले."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांच्याच वेबसाइटनं. त्यात काहीही खोट नाही, असं लिहिलं होतं. ते असं मेले तरी लिहिणार नाहीत. मला वाटलं, माणूस गेला आणि आता त्याच्या नावानं दुसराच कोणी दुकान चालवतोय." मग त्या म्हणाल्या, "फोन करून खात्री करणार होते. पण कोणी उचलला नसता, तर ते खरंच ठरलं असतं. म्हणून केला नाही. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला त्यांच्यासाठी."

नीळकंठ रडला. म्हातारा माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता.

त्या उन्हाळ्यात तो आणि गुणवंता दारोदार फिरले. काही जनावरांना गावात घर मिळालं. काहींना नाही मिळालं, आणि ती कुठे गेली ते गुणवंतानं सांगितलं नाही. एक आंधळी म्हैस कोणीच नेईना. ती नीळकंठच्या अंगणात आली.

रविवारी फोन वाजला.

"काय हो, म्हशीची खोट काय?"

"दूध देत नाही," नीळकंठ म्हणाला. "डोळे नाहीत, पण शेपटी बरोबर माझ्याच तोंडावर मारते."

"हं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आता ओळखलं. तुम्हीच आहात."

तात्पर्य: चांगल्या कामासाठी विकला, तरी शब्द विकलेलाच असतो, आणि जो आपला शब्द विकतो, तो त्याच्यावर विसंबलेल्यांच्या लेखी जिवंतपणीच मेलेला असतो.