दुसरा घास

“...आणि मीठ किती?”

तात्यांनी बांगड्याचं डोकं काढलं, मांजरापुढे टाकलं.

“तात्या, मीठ किती घालायचं विचारतोय.”

“माशापुरता.”

म्हाताऱ्यांचं हेच डोक्यात जातं. सरळ विचारा, वाकडं सांगतात. वर पाया आपणच पडायचं.

लुमा तारी चाळीस वर्षं भंडारी होता, म्हणजे मच्छीमार बोटीवरचा स्वयंपाकी. अख्खी वाडी सांगते, माशाला हात लावावा तर लुमातात्यानं. हॉटेल मॅनेजमेंट मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तरी पाच प्रकारचे सॉस मला येतात. ह्याच्या दारात काही हौसेनं आलो नव्हतो.

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे उठायचं नाही. तेरा दिवस घरात मी रांधतोय. तेरा दिवस बाप ताट सरकवतोय. “ह्या काय? तुझ्या आवशीक हाक मार.” आणि ती बाई उठते. भिंतीला धरून, टाक्यांवर हात दाबून. काल पट्टीवर लाल डाग होता.

“मधू खोबरेकराचो झील ना रे तू?” तात्यांनी विचारलं.

“हो.”

“मगे बस. तिखला करतंय. बघ.”

मडक्यात बांगडे. वर तिखट, हळद, मीठ, ठेचलेली तिरफळं, चार आमसुलं. बुडतील इतकं पाणी. कांदा नाही, वाटण नाही. मडकं चुलीवर.

“एवढंच?”

“एवढाच.”

उकळी आली तसा मी डाव घातला. त्यांनी चुलीजवळचं बारीक लाकूड उचलून माझ्या मनगटावर हाणलं.

“ढवळतंस? मासो मोडतलो!”

मग फडक्यानं मडक्याचे काठ धरले, एक हलका हेलकावा दिला आणि परत ठेवलं. आतला एकही बांगडा तुटला नाही.

मी चमचाभर कालवण घेऊन चाखलं. कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

“मीठ कमी आहे, तात्या.”

“आसात.”

“असेल काय? तुम्ही चाखा ना.”

“चाखून काय करू? अकरा वर्सां झाली. मोठो ताप इलो नि गेलो. तेव्हापासून जिभेक काय लागणा नाय. मीठ नाय, तिखट नाय... काय नाय.”

मला हसू आलं, मग रागच आला. गावभर ह्याचं नाव, आणि ह्याला मिठातला म कळत नाही!

“मग बोटीवर?”

“नंतर सात वर्सां रांधलंय. अठरा खलाशी. कोणाक कळला नाय.”

“खोटं.”

तात्यांनी भात वाढला, वर तिखल्याचा एक बांगडा. स्वतःला काही घेतलं नाही.

“तुम्ही?”

“माका जेवल्यार काय नि नाय जेवल्यार काय. तू जेव.”

मी जेवता जेवता बोलत सुटलो. बापाला शिव्या घातल्या. अंथरुणातल्या बाईला चुलीशी उभं करतो, ह्याला माणूस म्हणायचं का? आणि तुमची ती सगळी पिढीच तसली, हुकूम सोडायचे नि ताटावर बसायचं, आणि...

तात्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. हाताकडे बघत होते; मध्येच त्यांनी चिमूटभर मीठ माझ्या ताटात सोडलं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “गप झालंस.”

खरंच. कधी गप्प झालो, मला कळलं नव्हतं. ताटात नुसता काटा उरला होता.

“पयलो घास भुकेचो,” तात्या म्हणाले. “ता बघूचा नाय. दुसऱ्या घासाक हात कसो जाता ता बघूचा. मीठ कमी आसात तर बोटां कालवणात घुटमळतत. जास्त आसात तर सुक्या भाताकडे पळतत. बरोबर आसात तर माणूस बोलूचो थांबता.”

सात वर्षं. अठरा हात, हलती बोट.

“तुझो बापूस जेवता तेव्हा तू खंय असतस?”

“मागच्या दारी. त्याचं तोंड बघवत नाही.”

“नि आवस?”

“तिचं ताट खाटेवर ठेवतो, आणि...”

तात्या मडकं घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी तिखलं केलं. वाढलं, आणि बापाच्या समोर बसलो.

“काय बघतंस?”

“काही नाही. जेवा.”

दुसऱ्या घासाला त्याची बोटं कालवणात फिरत राहिली. मी चिमूटभर मीठ ताटात सोडलं. तो काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. ताट जागचं हललं नाही.

मग आईच्या खाटेशी बसलो. “बरं झालंय हां,” ती सारखी म्हणत राहिली. पण तिचा हात कालवण-भातातच जात होता. मासा तसाच. काटे काढायला वाकायला लागतं, आणि वाकलं की टाके ओढतात. तेरा दिवस तिच्या ताटात मासा उरत होता आणि मी समजत होतो, माझ्या हाताला चव नाही.

मी काटे काढून एकेक तुकडा भातावर ठेवत गेलो. तिसऱ्या तुकड्याला ती बोलायची थांबली.

संध्याकाळी ती उठली नाही. बापानं हाक मारली नाही.

सकाळी धावत तात्यांकडे गेलो. चूल थंड होती. ते दारात बसले होते, मांजर मांडीवर.

“तात्या, काल आईला चुलीशी उठावं लागलं नाही!”

“मीठ किती घातलंस?”

“...आठवत नाही.”

तात्यांनी मांजराला खाली ठेवलं, कोपऱ्यातलं मडकं आणून माझ्या हातात दिलं. आतून एक ताट घेऊन आले, पुसलं, स्वतःसमोर मांडून बसले.

“आज तू रांध,” ते म्हणाले. “नि माझो हात बघ.”