हातभर फरक

नियम खात्याने करायचे आणि विधिमंडळाच्या समितीने तपासायचे, अशी एका राज्यात रीत होती. भूमापन खात्याचे संचालक टिपणीस यांना ती मुळीच रुचत नसे. "उपग्रहावरून केलेली जमिनीची मोजणी आमदारांना काय कळणार?" असं ते उघड म्हणत.

त्यांच्या नव्या नियमांत एक कलम होतं. मोजणीत हातभर फरक आला, तर तक्रार घेतली जाणार नाही.

समितीत रोहिणीताई वायंगणकर होत्या, किनाऱ्यावरच्या आमदार. बैठकीत त्या टिपणिसांना म्हणाल्या, "आमच्या कोळीवाड्यात विहिरीकडे जाणारा बोळच दीड हाताचा आहे. त्यातला हातभर शेजाऱ्याकडे गेला, तर बायकांनी घागरी घेऊन जायचं कुठून?"

"बाई, हा तांत्रिक विषय आहे," टिपणीस हसले. "हातभर म्हणजे काहीच नाही."

तेवढ्यात चहा आणि गरम बटाटेवडे आले. टिपणिसांना कडकडून भूक लागली होती. त्यांनी हात पुढे केला, तोच रोहिणीताईंनी त्यांची बशी अलगद आपल्यापुढे ओढली आणि एक वडा खाऊन टाकला.

"अहो, ती बशी माझी आहे!"

"होती," रोहिणीताई म्हणाल्या. "आता हातभर सरकलीय. तुमच्याच नियमाप्रमाणे तक्रार घेता येत नाही."

अध्यक्षांसकट सगळे खदखदून हसले. टिपणीस आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. पेन काढून त्यांनी ते कलम स्वतःच खोडलं. रोहिणीताईंनी बशी परत केली.

"यात एक वडा कमी आहे," टिपणीस म्हणाले.

"मग करा की तक्रार," ताई म्हणाल्या. "आता घेतली जाईल!"