नुसती परतणारी गाडी

सकाळचे सात. नागपूरबाहेरच्या कापसाच्या गोदामाचं आवार. धुकं इतकं दाट, की उभे ट्रक पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत होते.

मुंजाजी दुधमल आपल्या एकुलत्या ट्रकचा मालकही होता आणि ड्रायव्हरही. या फेरीतही डिझेलचा खर्च निघाला नाही तर गाडी विकायची, असं तो घरी सांगून आला होता.

कंपनीचे वाहतूक मॅनेजर सरनाईक चहाचा घोट घेत म्हणाले, "गाठी इचलकरंजीला. गाडी तिकडूनच आलीय ना? मग परतीचं भाडं, निम्मं. नाहीतर रिकामी घेऊन जा."

"एवढ्यात माह्यी दलालीही सुटत नाही ना जी," दलाल पराते कुरकुरला.

मुंजाजी धुक्याकडे बघत राहिला. मग स्वप्नातून बोलावं तसा म्हणाला, "साहेब, मागल्या साली तुम्ही इचलकरंजीत होता. तिथं कापड भरताना म्हणलात, गाडी नागपूरला परत चालली, निम्मं घे. आता बदलून इथं आलात, तर इचलकरंजीला परत चालली म्हणता. माझं घर तर मधीच, नांदेडला. मी निसता परतच यायलो. मग निघालो कवा, तेवढं सांगा."

धुक्यात कुणीतरी खो खो हसलं, मग सगळं आवारच हसलं. सरनाईकांनी पूर्ण भाडं कबूल केलं. "फक्त याच्यापुरतं," असं बजावून.

मुंजाजीच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाकी सगळ्यांच्या गाड्या त्या सकाळी परतीच्या भाड्यानंच भरल्या गेल्या. तिकडे इचलकरंजीतही नागपूरला निघालेल्या गाड्या परतीच्याच भाड्यानं भरल्या गेल्या. पूर्ण भाड्याची गाडी नेमकी कोणत्या गावाहून निघते, हे कंपनीनं अजून सांगितलेलं नाही.