काजळीचा प्रश्न

माळाला अजून कुंपणं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. काळविटांच्या एका कळपात काजळी नावाची म्हातारी हरिणी होती. ती तरण्या पोरांना रोज लांबवर पळवायची, पण तिची एक अट असायची. "पळताना मी काही विचारलं, तर उत्तर देता आलं पाहिजे." पाच-सहा दिवसांतून एकदाच ती म्हणायची, "आज जीव तोडून पळा."

त्या पोरांतल्या भिरक्याला हे पटायचं नाही. "गप्पा मारत कोण पळतं, आजी?" तो रोजच जीव तोडून पळायचा आणि पाय ओढत परतायचा.

एके दिवशी लांडगे मागे लागले. ते फार वेगात नव्हते, पण थांबतही नव्हते. नदीपलीकडे गेलं तरच सुटका होती. भिरका सगळ्यांच्या पुढे निघून गेला. दुसऱ्या टेकडीवर कळपाने त्याला गाठलं आणि तिसरीवर तो मागे पडला.

काजळी वेग कमी करून त्याच्या बाजूला आली. "भिरक्या, नदी दिसतेय का रे?"

नदी समोरच होती. त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

पलीकडच्या काठावर काजळीने एकेकाला नावाने हाक मारली. बाकी सगळ्यांनी ओ दिली. भिरक्याचं नाव तिने दोनदा घेतलं.