जांभळीचा पत्ता

माणसानं मध चाखला नव्हता, तेव्हाची गोष्ट. जांभळीच्या राईतली रुंजी नावाची मधमाशी माळावरच्या माश्यांना सारखी नावं ठेवायची.

"आळशी मेल्या! काम कसं करतात ते मीच दाखवते," म्हणत ती एकदा माळावर गेली. दिवसभर खुरट्या झुडपांवर भिरभिरली, तरी जेमतेम थेंबभर रस मिळाला. संध्याकाळी तिचे पंख थकले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माशीनं आपल्या वाटणीचा मध तिच्यापुढे ठेवला. "खा गं पोरी, दमलीस."

रुंजीला भरून आलं. "मावशी, मी पंखांचाच तोरा मिरवला. जांभळीच्या फुलोऱ्याचं कधी नावही घेतलं नाही."

फुलांचा पत्ता मधमाश्या नाचून सांगतात. सकाळी रुंजी त्या परक्या पोळ्यावर मनापासून नाचली, आणि सगळा माळ जांभळीकडे उडाला.