मुंगीचा चुरमुरा आणि बाळाची मूठ

सांगलीहून गाडी निघाली. भुर्र, भुर्र, भुर्र! जायचं होतं लांब. पार सावंतवाडीला, मावशीकडे.

पुढे बाबा आणि आजोबा. मागे आई, ताई, दादा आणि बाळ. आणि सीटखाली कोण? एवढीशी मुंगी! तिचा कुणाला पत्ताच नव्हता.

दादानं भडंगाची पुडी फोडली. फर्र! एक चुरमुरा खाली पडला. टप्प! मुंगीनं तो पाठीवर घेतला. "माझा गं बाई, माझा!" निघाली तुरुतुरु.

तेवढ्यात गाडीला गचका बसला. गचक! चुरमुरा उडाला. बाळाच्या मांडीवर पडला. बाळानं मूठ मिटली. गच्च!

मुंगीनं मिशा हलवल्या. "काहीतरी काळंबेरं आहे!"

मुंगी चढली बाळाच्या गुडघ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाळा बाळा, मूठ उघड.
माझा चुरमुरा मिळेना!"

बाळानं डोळे बारीक केले. "अं हं! मूठ उघडली की तू पळणार. ताई गाणं म्हणेल, तरच टाळी वाजवीन. टाळी वाजवीन, तरच मूठ उघडीन."

मुंगी गेली ताईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ताई ताई, गाणं म्हण.
बाळ मूठ उघडेना,
माझा चुरमुरा मिळेना!"

ताईनं गाल फुगवले. "नाही म्हणणार! दादा म्हणाला, दहा झाडं गेली की खिडकी तुझी. दहा गेली, वीस गेली. हा मुद्दाम चुकीचं मोजतो! दादा खिडकी देईल, तरच गाणं म्हणीन."

मुंगीनं मिशा हलवल्या. "काहीतरी काळंबेरं आहे!"

मुंगी गेली दादाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दादा दादा, खिडकी दे.
ताई गाणं म्हणेना,
बाळ मूठ उघडेना,
माझा चुरमुरा मिळेना!"

दादानं नाक वर केलं. हुंग, हुंग, हुंग! "लाडवांचा वास येतोय. आई म्हणते, लाडू संपले. संपलेल्या लाडवांचा वास येतो का? आई डबा उघडेल, तरच खिडकी देईन."

मुंगीनं मिशा हलवल्या. "काहीतरी काळंबेरं आहे!"

मुंगी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. ओढणीआड लपून म्हणाली,

"आई आई, डबा उघडा.
दादा खिडकी देईना,
ताई गाणं म्हणेना,
बाळ मूठ उघडेना,
माझा चुरमुरा मिळेना!"

आईनं डबा घट्ट धरला. "चालत्या गाडीत? लाडवांचा चुरा होईल. चुरा झाला की मुंग्या येतील! कोण बोलतंय ते? मुंगी तर नाही ना?"

"छे हो, छे!" मुंगी म्हणाली.

"बाबा गाडी थांबवतील, तरच डबा उघडीन."

बाळाची मूठ निघाली तोंडाकडे. अगंबाई! आता चुरमुरा जाणार पोटात! मुंगीला रडूच आलं. पळाली बाबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा बाबा, गाडी थांबवा.
आई डबा उघडेना,
दादा खिडकी देईना,
ताई गाणं म्हणेना,
बाळ मूठ उघडेना,
माझा चुरमुरा मिळेना!"

"आलंच!" बाबा म्हणाले. "मावशीचं घर जवळ आलं, आता थांबणार नाही. मघाशी ताई म्हणाली, शू. थांबलो. शू नव्हतीच! मग दादा म्हणाला, शू. थांबलो. तीही नव्हती! आता आजोबा थांब म्हणतील, तरच थांबीन."

मुंगी गेली आजोबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा आजोबा, थांब म्हणा.
बाबा गाडी थांबवेनात,
आई डबा उघडेना,
दादा खिडकी देईना,
ताई गाणं म्हणेना,
बाळ मूठ उघडेना,
माझा चुरमुरा मिळेना!"

आजोबा म्हणाले, "घुर्रर्र, खुर्रर्र."

"आजोबा, झोपलात?"

"नाही. जागाच आहे. घुर्रर्र, खुर्रर्र."

मुंगीनं मिशा हलवल्या. "काहीतरी काळंबेरं आहे!"

मागे वळून बघते, तर बाळाची मूठ ओठांपाशी! बाळानं आ केला!

मुंगी चढली आजोबांच्या नाकावर. सहा पायांनी केल्या गुदगुल्या. गुदुगुदु, गुदुगुदु, गुदुगुदु!

आँऽऽऽक्छी!

आजोबा दचकून उठले. "अरे, थांब थांब! मला शू लागलीय! खरी लागलीय!"

बाबांनी गाडी थांबवली. कर्रर्र! आजोबा गेले झाडामागे.
गाडी थांबली, आईनं डबा उघडला.
डबा उघडला, दादाला लाडू मिळाला.
लाडू मिळाला, दादानं खिडकी दिली.
खिडकी मिळाली, ताईनं गाणं म्हटलं. "चाक फिरे गरगर, गाडी चढे डोंगर!"
गाणं ऐकलं, बाळ सगळं विसरलं. तोंडाजवळची मूठ खाली आली. बाळानं टाळी वाजवली. टाळी वाजवताना मूठ उघडली!

चुरमुरा पडला. टप्प!

मुंगी धावली. चुरमुऱ्याला एक फेरी मारली. दुसरी फेरी मारली. "थोडा चेपलाय. थोडा ओला झालाय. पण माझाच आहे!" मुंगीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती चुरमुऱ्यावर चढून नाचली.

मग बाळ खाली वाकलं. चुरमुऱ्याशेजारी त्यानं लाडवाचा एक कण ठेवला. हळूच.

मुंगीनं मिशा हलवल्या. "हे बाळ असंच देतंय? काहीतरी काळंबेरं आहे!"

तिनं कण हुंगला. मग चाटून बघितला.

गोड होता. नुसता गोड. काळंबेरं काहीच नव्हतं.

आजोबा आले. गाडी निघाली. भुर्र, भुर्र, भुर्र!

"बाबा, अजून किती राहिलं?" ताईनं विचारलं.

"आलंच!" बाबा म्हणाले.

आणि सीटखाली मुंगीनं मिशा हलवल्या.